धात्रीच्या छायेत घटकाभर
कार्तिकातील आवळीभोजन आणि आजचा शिणलेला संसार

दिवाळीचे दिवे निवले, पाहुणे आपापल्या गावी परतले, फराळाचे डबे तळाशी गेले, की घराघरांत एक प्रकारची रिती शांतता पसरते. सण संपला आणि पुन्हा रोजचे रहाटगाडगे सुरू झाले, असे मनास वाटू लागते. परंतु आपल्या पूर्वजांनी वर्षाची आखणी मोठ्या कनवाळूपणे केली आहे. दिवाळी सरून आठवडा होतो न होतो तोच कार्तिक शुद्ध नवमी येते. हिलाच कूष्मांड नवमी, अक्षय्य नवमी अथवा आवळी नवमी म्हणतात. या नवमीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत सोयीचा एक दिवस पाहून, सहकुटुंब गावाबाहेर पडावे, आवळीच्या झाडाची पूजा करावी आणि त्याच झाडाखाली पंगत मांडून जेवावे, असा आपल्याकडचा आचार आहे. यालाच आवळीभोजन म्हणतात. तुळशीचे लग्न आणि वैकुंठ चतुर्दशी हे याच दिवसांतले सोहळे. पण ते घरात किंवा देवळात होतात. आवळीभोजनाचे वैशिष्ट्य असे की, ते घराच्या चार भिंतींत होऊच शकत नाही. त्यासाठी उंबरठा ओलांडावाच लागतो.

या व्रताचा विधी अगदी साधा आहे. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ करावी, मुळाशी पाणी घालावे, हळदकुंकू, गंध, फूल वाहावे, खोडाला सूत गुंडाळीत प्रदक्षिणा घालाव्यात, दिवा लावावा. यथाशक्ती कोहळ्याचे दान करावे. मग नैवेद्य दाखवून सर्वांनी पंगतीस बसावे. जेवताना आवळीची बारीक पाने वाऱ्याने गळून पानात पडली, तर तो शुभशकुन समजावा, असे जुन्या बायका सांगत. घरात जेवताना पानात काही पडले तर आपण ते बाजूला सारतो. तेच आवळीखाली प्रसाद ठरते. एवढा एक दृष्टीचा पालट घडवून आणणे, हे या व्रताचे निम्मे फळ आहे.

धात्री म्हणजे कोण?

संस्कृतात आवळीला 'आमलकी' हे नाव आहे, तसेच 'धात्री' हेही आहे. अमरकोशात या धात्री शब्दाचे अर्थ पाहिले तर मन प्रसन्न होते. धात्री म्हणजे दाई, बाळाला जोजवणारी उपमाता. धात्री म्हणजे पृथ्वी. आणि धात्री म्हणजे आवळी. तिघींचे काम एकच, पोसणे आणि सांभाळणे. चरकाचार्यांनी वय टिकवून धरणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला अग्रस्थान दिले, च्यवनप्राशात आवळाच मुख्य. परंतु औषध म्हणून आवळा बाजारातही मिळतो. व्रताने मात्र फळ घरी आणावयास सांगितले नाही, आपणांस झाडाकडे जावयास सांगितले. दमलेल्या लेकराने दाईच्या मांडीवर डोके टेकावे, तसे वर्षातून एकदा तरी सगळ्या घराने धात्रीच्या छायेत जाऊन बसावे, हा त्यामागचा भाव.

अलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी 'ताण' हा शब्द असतो. त्याचाही उगम पाहण्यासारखा आहे. तो 'तन्' या धातूच्या कुळातला, आणि तन् म्हणजे ओढणे, पसरणे. तंतू, तान हे त्याचेच सोयरे. ताण मुळात वाईट नाही. वीणेची तार ताणल्याशिवाय सूर निघत नाही, आणि प्रपंचही थोडा ताण असल्याशिवाय चालत नाही. पण आम्हां कीर्तनकारांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. चढवलेली तार कधी उतरवलीच नाही, तर ती एके दिवशी ऐन रंगात आलेल्या कीर्तनात तुटते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहाराबरोबर विहारही 'युक्त' असावा असे सांगितले आहे. आहाराच्या पथ्यावर आपण पुष्कळ बोलतो. विहाराचे पथ्य मात्र विसरलो आहोत.

कुरुळीच्या शिवारात

आळंदीहून चाकणच्या अंगाला निघाले की पुणे-नाशिक महामार्गावर कुरुळी हे खेड तालुक्यातले गाव लागते. एकेकाळी बाजरी, ज्वारी आणि कांद्याचा हा मुलूख. चाकणचा कांद्याचा बाजार आजही नाव राखून आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पुढच्या काळात पिंपरी-चिंचवड, भोसरी, मग चाकण असा कारखान्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकत गेला. आज कुरुळी, चिंबळी, निघोजे या गावांत मूळच्या घरांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून पोटासाठी आलेली तरुण कुटुंबे राहतात. या कारखान्यांनी हजारो घरांच्या चुली पेटवल्या, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्याच कारखान्यांच्या भोंग्याने घराचे घड्याळही आपल्या हाती घेतले आहे.

कुरुळीस एका सप्ताहात कीर्तनसेवेचा योग आला होता. कीर्तन आटोपल्यावर लातूरकडचे एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन भेटावयास आले. स्वतः कारखान्यात, पत्नीही दुसऱ्या एका कारखान्यात. त्यांची पाळी आठवड्याला बदलते. एका आठवड्यात सकाळ, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात रात्रपाळी. या भागातील कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर मुलांच्या शाळेची रविवारी. त्यांचे गाऱ्हाणे असे की, घरात पाच माणसे आहेत, पण पाचही जण एका वेळी जागे आहेत असे कित्येक दिवसांत घडलेले नाही. धाकटा मुलगा वडिलांना बहुधा झोपलेलेच पाहतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही, महामार्गावरच्या गाड्यांच्या आवाजाने डोके भणभणते, आणि मग क्षुल्लक कारणावरून मुलांवर हात उगारला जातो. हे सांगताना त्या गृहस्थांनी मान खाली घातली.

मातोश्रींची शंका निराळी होती. आवळी नवमी जर अशा वारी आली की ज्या दिवशी मुलगा कामावर आणि नातवंडे शाळेत, तर भोजन करावे तरी कसे? नवमी चुकली तर दोष लागेल काय?

मी त्यांना सांगितले की, बाई, शास्त्राने यासाठीच पौर्णिमेपर्यंतची मुभा ठेवली आहे. व्रताचा प्राण तिथीत आहे, तसा पंगतीतही आहे. या सात दिवसांत ज्या दिवशी तुमचे सगळे घर एकत्र बसेल, तोच तुमचा मुहूर्त. मुलाच्या सुट्टीच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर जा, अथवा रविवारी दुपारची पाळी लागण्यापूर्वी जा, पण सर्वांनी मिळून जा.

पुढे ते गृहस्थ आळंदीस दर्शनाला आले तेव्हा त्यांनी हकिकत सांगितली. गावातल्या एका शेतकऱ्याने जमीन विकतानाही बांधावरची आवळी राखली होती. त्यांच्या परवानगीने ही मंडळी तेथे दोन-अडीच तास बसली. भाकरी, पिठले, आवळ्याची चटणी, एवढेच जेवण. जेवल्यावर आजीने नातवंडांना गावाकडच्या येळवशीच्या गोष्टी सांगितल्या. आणि हे गृहस्थ? ते झाडाखाली घोंगडी अंथरून गाढ झोपले. कित्येक दिवसांनी लागलेली झोप म्हणून कोणी त्यांना उठवले नाही. धाकटा मुलगा उशाशी बसून पंचाने माशा वारीत राहिला. वाचकहो, यात चमत्कार काही नाही. नोकरी तीच, पाळी तीच, खोलीचे भाडेही तेच राहिले. परंतु झोपलेल्या बापाचा त्या मुलाला आता राग येत नाही, असे आजींनी सांगितले. हे फळ लहान म्हणता येईल काय?

भगवंतांचे वनभोजन

सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. या काल्याचे मूळ श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत आहे. एके दिवशी श्रीकृष्णांच्या मनात आले की आज न्याहारी रानातच करावी. त्यांनी पहाटे शिंग फुंकून सवंगड्यांना उठवले, आणि सगळे गोपाळ आपापली शिंकी घेऊन वासरांसह निघाले. वाटेत अघासुराने अजगराचे रूप घेऊन सर्वांना गिळले. भगवंतांनी त्यांना त्या जबड्यातून सोडवले. आणि लगेच काय केले? उपदेश केला नाही. यमुनेच्या वाळवंटात बसून, वेळ झाली आहे, भूक लागली आहे, तर आता जेवू या, असे सुचवले. कमळाच्या गाभ्याभोवती पाकळ्या असाव्यात तसे सारे गोपाळ त्यांच्याभोवती गोल करून बसले. कोणी पानाची पत्रावळ केली, कोणी सालीची, कोणी दगडावरच वाढून घेतले, आणि प्रत्येकाने आपल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दिली.

मोठ्या भयातून सुटलेल्या मुलांना देवाने प्रथम उघड्यावर, आपल्या माणसांत बसवून जेवू घातले, हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. आजचा अघासुर निराळा आहे. कर्जाचा हप्ता, कंत्राटी नोकरीची टांगती तलवार, महामार्गावर तासन्‌तास अडकणारी वाहने, मुलांच्या परीक्षा, अशा त्याच्या नाना दाढा आहेत. त्याच्या जबड्यातून रोज संध्याकाळी बाहेर येणाऱ्या माणसाला आपण प्रथम काय देतो? प्रश्न, हिशेब आणि तक्रारी. काला सांगतो, आधी जवळ बसवा.

विष्णुपदावरचा विसावा

इतकेच काय, वारकरी परंपरेत साक्षात पांडुरंगालाही मोकळ्या हवेतला विसावा लागला अशी श्रद्धा आहे. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानोबामाउलींनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. त्या सोहळ्यास देव स्वतः उपस्थित होते. लाडक्या भक्ताच्या वियोगाने ते इतके व्याकूळ झाले की, पंढरीस परतल्यावर थेट राउळात न जाता चंद्रभागेच्या पात्रातील विष्णुपदावर जाऊन राहिले, असे भाविक मानतात. म्हणून मार्गशीर्ष महिनाभर गोपाळपूरजवळच्या त्या स्थानी दर्शनाला गर्दी होते. पंढरपूरची घरेच्या घरे शिदोरी घेऊन तेथे जातात आणि नदीकाठी बसून वनभोजन करतात. दुःख झाले असता देवाने दार लावून घेतले नाही. तो नदीच्या काठी, उघड्या आभाळाखाली राहिला, आणि भक्तांनीही त्याला एकटे सोडले नाही. भक्तांनी या कथेतून हा धडा अवश्य घ्यावा.

भामचंद्राची वाट आणि जिजाईची भाकरी

आता आपल्या पंचक्रोशीतली गोष्ट. चाकणच्या पश्चिमेस भामचंद्राचा डोंगर आहे. तेथील गुहेत तुकोबारायांनी अनुष्ठान केले, अशी परंपरा आहे. इंदुरीजवळचा भंडाराही त्यांच्या चिंतनाचे स्थान. दुष्काळात पहिली पत्नी आणि मूल गेले, व्यापार बुडाला, अशा आघातांनंतर तुकोबा डोंगराकडे वळले. रानातील झाडे-पाखरे त्यांना आप्त वाटली. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर कीर्तन अपुरे राहते. घरी जिजाई होती. पोरे सांभाळून, भाकरी बांधून, ती पतीला शोधीत डोंगर चढत असे. एकदा भंडाऱ्याच्या वाटेवर तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलाने स्वतः तो काढला, अशी आख्यायिका आहे.

देव तुकोबांच्या ध्यानात उभा होता हे खरे, पण वाकला तो जिजाईच्या पायाशी. घरातला एक जण शांती शोधीत डोंगरावर जातो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी पायात काटा रुतत असतो, हे विसरू नये. म्हणूनच सामान्य गृहस्थासाठी ऋषींनी एकट्याचा वनवास सांगितला नाही, सहकुटुंब वनभोजन सांगितले. आणि त्या वनभोजनात गृहिणीने पहाटे चारला उठून सर्वांचा स्वयंपाक करावा, ओझी वाहावीत, वाढावे आणि शेवटी भांडी घासावीत, बाकीच्यांनी मात्र वारा खावा, असे होणार असेल, तर त्या माउलीच्या पायातला काटा तसाच राहिला म्हणावयाचे. काल्यातला नियम लावावा. प्रत्येकाने काही आणावे, प्रत्येकाने काही उचलावे.

नवे शास्त्र काय सांगते?

जुन्या आचाराला नव्या शास्त्राचा दाखला हवाच असे नाही. तरी तो मिळतो तेव्हा आनंद होतो. १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने एका रुग्णालयातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या तेवीस रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर तशाच दुसऱ्या तेवीस जणांना समोर विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून 'शिनरिन-योकु', म्हणजे वनस्नान, या नावाने लोकांना अरण्यात फिरण्याचा परिपाठ घालून दिला. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांचे आरोग्य व समाधान अधिक चांगले असल्याचे त्यात दिसून आले. तो वेळ एकदम घालवला की थोडा थोडा, याने फरक पडत नव्हता. म्हणजे आठवड्याला दोन तास! आमच्या लातूरकर गृहस्थांना आवळीखाली साधारण तेवढाच वेळ मिळाला होता.

घराघरांतल्या शिदोऱ्या

हा आचार केवळ आपल्याच गावचा नाही. आंध्र व तेलंगणात कार्तिकात आवळीखाली 'वनभोजनालु' होतात. उत्तरेत अक्षय नवमीस आवळीखाली स्वयंपाक करून जेवतात. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे फुलतात. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची व लक्ष्मीची पूजा करतात. भज्जी, आंबील, उंडे असा बेत असतो, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आग्रहाने जेवू घालतात. चाकण-कुरुळीच्या खोल्यांत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या आठवणीत ही येळवस आहे. गाव सुटले म्हणून शिदोरी सोडण्याचे कारण नाही. शेजारच्या खोलीतील वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी, बिहारी कुटुंबाला बरोबर घ्यावे. पाच घरच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या की काला आपोआप होतो.

काही पथ्ये

व्रत म्हटले की पथ्य आलेच. पहिले पथ्य, झाडाच्या मुळाशी चूल पेटवू नये. ज्या धात्रीची पूजा केली तिचीच साल होरपळणे हे पाप आहे. स्वयंपाक घरून न्यावा, अथवा दूर उघड्या जागी करावा. दुसरे, पळसाच्या पत्रावळी वापराव्यात आणि प्लास्टिकचा कण मागे ठेवू नये. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. नदीला आई म्हणणाऱ्यांनी तरी तिच्यात खरकटे टाकू नये.

तिसरे पथ्य जिवाशी संबंधित आहे. रविवार, १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल सहलीस आलेल्यांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. मन मोकळे करण्यासाठी घराबाहेर पडलेली माणसे होती ती. पावसाळ्यात धबधबा, धरणाची भिंत, जुना पूल, खळाळते पात्र यांच्या जवळ जाऊन छायाचित्रे काढण्याच्या नादात घर उद्ध्वस्त होते. आपल्या पूर्वजांनी वनभोजनासाठी कार्तिक निवडला, कारण पाऊस थांबलेला, चिखल वाळलेला, ऊन कोवळे आणि आवळा फळलेला असतो. त्या निवडीत शहाणपण आहे. चौथे, तेवढे दोन तास मोबाईल पिशवीत ठेवावा. पंगतीत बसून दूरच्या माणसांशी बोलणे म्हणजे देवापुढे पाठ करून बसणे होय.

आणि एक मनापासून सांगणे. घरातील कोणी अनेक दिवस झोप, जेवण, बोलणे सोडून बसला असेल, जगण्यात रस उरला नाही असे म्हणत असेल, तर केवळ झाडाखाली बसवून थांबू नये. वैद्याकडे न्यावे. शासनाने २०२२ पासून 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू केली आहे, तिचा आधार घ्यावा. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. आवळी हीसुद्धा औषधच आहे.

आवळी नसेल तर?

कोणी म्हणेल, बुवा, आमच्या वस्तीत आवळीच नाही. मग वड, पिंपळ, लिंब, आंबा, जे झाड असेल त्याच्या छायेत बसा. देवळाचे आवार चालेल, शेताचा बांध चालेल. आणि पुढच्या पिढीसाठी एक आवळी लावा. कुरुळीसारख्या गावात ग्रामपंचायतीने, मंदिराच्या विश्वस्तांनी, कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मनावर घेतले, तर चार-चार आवळी लावायला कितीशी जागा लागणार? लावलेल्या रोपाला फळ धरायला काही वर्षे जातील. तोवर त्याला पाणी घालायला सगळ्या घराने मिळून जावे. ते जाणे हेही व्रतच आहे.

यंदाच्या कार्तिकात नवमी ते पौर्णिमा या सात दिवसांत आपल्या घरातील सर्वांची सुट्टी, पाळी, शाळा यांचा मेळ कोणत्या दिवशी बसतो, ते आजच पंचांगाशेजारी लिहून ठेवा. एक कोहळा, थोडी भाकरी, एक तांब्या पाणी आणि एक सतरंजी एवढी सामग्री पुरे आहे. वृद्धांना हात धरून न्या, लेकरांना खांद्यावर घ्या, आणि जो सर्वांत जास्त दमलेला असेल त्याला सर्वांत दाट सावलीची जागा द्या. धात्रीमाता सर्वांच्या संसाराला शीतल छाया देवो, आणि प्रत्येक घराची पंगत वर्षातून एकदा तरी पूर्ण भरो, हीच श्रीज्ञानेश्वरमाउलींच्या चरणी प्रार्थना.